'मराठि'वर हसणाऱ्यांना बेळगावहून खुलं पत्र

व्हॉट्सॲपच्या गटांत, फेसबुकवर आणि जिथं जिथं मराठीत चर्चा रंगते तिथं शुद्धलेखनाचा पहारा देणाऱ्या समस्त भाषाप्रेमींस,

स. न. वि. वि.

मी बेळगावात, शहापूर भागात राहतो. इथल्या एका छापखान्यात १९७३ साली प्रूफं वाचायला लागलो. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि कितीतरी गिऱ्हाइकांची कागदपत्रं आम्हाला नव्यानं छापावी लागली. पुढं तेहतीस वर्षं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल हेच वाचत आलो. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्यावर माझं पोट भरलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं की याला स्वतःला लिहिता येत नसणार, म्हणून चिडलाय.

चिडलोय हे खरं. कारण सांगतो.

माझ्या बहिणीची नात खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तुमच्या बारावीला आहे. गेल्या पावसाळ्यात तिनं मराठी माणसांच्या एका मोठ्या गटात हा मजकूर टाकला. तिनं लिहिला तसाच देतो:

"नमस्कार मी खानापूर तालूक्यातून बोलतो. आमच्या गावच्या मराठि शाळेत दोन वर्ष झालि कायमचे शिक्षक नाहित. एकच गेस्ट टिचर पाच वर्ग बघतात. पालक मुलाना कन्नड नाहितर इंग्लीश शाळेत घालूलालेत. कोणितरि सांगा अर्ज कुनाकडे करायचा."

पहिलं उत्तर आलं, "आधी मराठी लिहायला शिका, मग मराठी शाळा वाचवा." दुसरं, "बोलतो? ताई की दादा?" त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. मग एका सद्गृहस्थांनी तिच्या मजकुराचं चित्र काढून त्यावर लाल गोल मारले आणि तेच गटात परत टाकलं. एकूण सतरा जण बोलले. गाव कोणतं, हे एकानंही विचारलं नाही. अर्ज कुणाकडं करायचा, हेही कुणी सांगितलं नाही.

पोरीनं ते चित्र मला दाखवलं. मी काय करणार, जन्माची सवय, आधी गोल मोजले. अकरा होते. मग मूळ मजकूर तपासला, तर जागा तेरा निघाल्या. 'वर्ष'वरचा आणि 'मुलाना'मधला गेलेला अनुस्वार त्या गृहस्थांना दिसलाच नव्हता. आमच्या छापखान्यात अशा माणसाला गॅली प्रूफ, म्हणजे पानं लावण्याआधीचं पहिलं प्रूफसुद्धा, दिलं नसतं.

पण मोजण्यापेक्षा मला त्या तेरांची जात बघण्यात रस होता. प्रूफ वाचणाऱ्याला लवकरच कळतं की चुका एकट्यादुकट्या येत नाहीत, घराणं धरून येतात. मराठि, झालि, कोणितरि, नाहित, नाहितर हे पाच शब्द एकाच घरातले. आणि ते घर कुठलं, हे बेळगावच्या खडेबाजारात कुणीही दाखवील. एकाच दुकानाची पाटी बघा. वर कन्नडात 'लक्ष्मि', खाली मराठीत 'लक्ष्मी'. दोन्ही बरोबर. कन्नडात राणि, नदि, लक्ष्मि यांचा शेवटचा इकार ह्रस्व असतो. मराठीच्या नियमात नेमकं उलट, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. संस्कृतातला कवि आपण कवी करून घेतला, गुरु गुरू करून घेतला. तिकडं कन्नडानं संस्कृतातली दीर्घ नदी ह्रस्व करून घेतली. (२०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं, त्यामुळं खालची लक्ष्मी हल्ली फारच बारीक दिसते. पण तो विषय वेगळा.)

ही पोर पहिलीपासून दोन्ही भाषा लिहीत आलीय. एका तासाला वेलांटी आखूड, पुढच्या तासाला तीच लांब. आणि कानाची मदत तिला नाही, तशी तुम्हालाही नाही. 'मराठी' म्हणताना शेवटची वेलांटी पहिली की दुसरी, हे बोलण्यातून कुणालाच ऐकू येत नाही. आपण सगळे ती डोळ्यांच्या सवयीनं लिहितो. तुमच्या डोळ्यांना चोवीस तास मराठी पाट्या दिसतात, तिच्या डोळ्यांना दोन तऱ्हांच्या दिसतात, एवढाच फरक. ही चूक आहे का? आहे. मी पेन्सिल लावलीच असती. पण 'मराठी येत नाही' याचा तो पुरावा नाही. दोन लिप्या येतात, याचा आहे.

'बोलतो' ही तर चूकच नाही. आमच्याकडं बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. कोल्हापुरातही म्हणतात. माझी आई आयुष्यभर 'मी आलो' म्हणाली. तिच्या बाईपणाबद्दल आम्हा सहा भावंडांना कधी शंका आली नाही. तसंच 'घालूलालेत'. 'करूलालास', 'जाऊलालो' ही आमची रोजची क्रियापदं. 'करू लागलास', 'जाऊ लागलो' हे भरभर म्हणून पाहा, तुम्हीही तिथंच पोचाल. लेखी कागदावर मी ते बदलीन, पण त्यावर लाल गोल मारणार नाही. प्रूफाच्या खुणांत 'ही बोली आहे' अशी खूण नसते. ती तपासणाऱ्याच्या डोक्यात असावी लागते.

सगळ्यात जास्त हशा पिकला तो 'कुनाकडे'वर. न आणि ण. याबद्दल फार लिहीत नाही, कारण हे हसणं व्याकरणाचं नसतं, तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. कुणाच्या तोंडी पाणी आणि कुणाच्या तोंडी पानी, यावरून आपल्याकडं माणसाचं गाव आणि जात ताडली जाते. 'शुद्धलेखन' या शब्दातल्या 'शुद्ध'लाच मला त्यामुळं सोवळ्याचा वास येतो. मी गेली काही वर्षं 'प्रमाणलेखन' म्हणतो. तोंडात बसायला वेळ लागला.

आता या प्रमाणाचीही थोडी कुंडली मांडू. तुम्ही ज्या नियमांचा दाखला देता ते मराठी साहित्य महामंडळानं केले, महाराष्ट्र शासनानं १९६२ मध्ये स्वीकारले. तेव्हा ते चौदा होते. १९७२ मध्ये चार वाढले, अठरा झाले. आणि आम्ही १ नोव्हेंबर १९५६ लाच म्हैसूर राज्यात जमा झालो होतो. म्हणजे मराठी कशी लिहावी हे ज्या सरकारनं ठरवलं, त्याच्या हद्दीत आम्ही नव्हतोच. आम्हाला ना कुणी परिपत्रक पाठवलं, ना कुणी सक्ती केली. माझे प्राथमिक शाळेचे गुरुजी शेवटपर्यंत फळ्यावर 'नाहीं', 'कां', 'घरांत', 'करणें' असंच लिहीत. नाकातल्या त्या टिंबांवर त्यांचं प्रेम होतं. नव्या नियमांनी व्युत्पत्तीनं सिद्ध न होणारे अनुस्वार काढून टाकले. आम्ही हे पुण्या-मुंबईहून येणारी पुस्तकं आणि मासिकं बघून बघून शिकलो, आपणहून. कर्नाटकात राहून महाराष्ट्र सरकारचा नियम स्वखुशीनं पाळणारी माणसं आम्ही. आम्हाला भाषेची कळकळ शिकवायला निघालात, म्हणून आठवण दिली.

आणि त्याही मागं गेलात तर वेलांटीची भानगडच नाही. माझ्या आजोबांचं जमिनीचं खरेदीखत मोडीत आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद करत नसत, इकाराला वेलांटी एकच, उकारही एकच. पेशव्यांचं दफ्तर त्याच लिपीत चाललं. वेलांटी चुकली म्हणून कुणाची जमीन गेल्याचं आमच्या गल्लीत तरी ऐकिवात नाही.

नियम डोक्यात गेला की काय होतं, याचा एक किस्सा माझ्याच खात्यावर आहे. नोकरीचं पहिलंच वर्ष. लग्नसराई. नवे नियम पाठ, अंगात उत्साह. एका पत्रिकेत 'चि. सौ. कां.' आलं. मला वाटलं, छपाईचे खिळे जुळवणारा कंपोझिटर जुन्या वळणाचा, 'कां' लिहिण्याची खोड जात नाही. अनुस्वारावर काट मारली. पाचशे पत्रिका 'चि. सौ. का.' अशा छापून गेल्या. मुलीचे चुलते संस्कृतचे शिक्षक होते. ते छापखान्यात आले, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाळ, कां म्हणजे कांक्षिणी. सौभाग्याची इच्छा करणारी. तू तिची इच्छाच काढून घेतलीस." ओरडले नाहीत. मालकांना सांगितलं नाही. नंतर वर्षभर शनिवारी संध्याकाळी येऊन मला शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगत बसायचे. मी जो काही प्रूफरीडर झालो तो त्या स्टुलामुळं. त्यांनी त्या दिवशी पत्रिकेवर लाल गोल मारून ती खडेबाजारात चिकटवली असती, तर मी दुसऱ्या दिवशी कुठं तरी किराणा दुकानात नोकरी बघितली असती.

कळफलकाचीही गोष्ट करायला हवी, कारण तुमच्यातल्या पुष्कळांना ती माहीत दिसत नाही. मागं कुणीतरी 'खानापूरच्या दर्याखोर्यात वीज नाही' असं लिहिलं. लगेच एक विनोदवीर, "खानापुरात समुद्र कधी आला?" विनोद चांगला होता, मीही हसलो. पण झालं काय ते बघा. दऱ्याखोऱ्यांतला तो आडव्या चंद्रकोरीसारखा र मोबाइलवर काढणं सोपं नाही. र, पाय मोडायची खूण आणि य अशा कळा दाबल्या की र्य उमटतो. त्या दुसऱ्या ऱ्य साठी टिंबाचा ऱ वेगळा शोधावा लागतो, आणि तो कुठं लपलाय हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. हातानं लिहायला दिलं तर त्याच माणसानं 'दऱ्या' बिनचूक लिहिलं असतं. खिळ्यांच्या काळात ते जोडाक्षर आमच्या कंपोझिटरच्या पेटीत एका ठरावीक खणात असायचं. खण रिकामा झाला की तोसुद्धा रडायचा.

आणि एक विचारू का? 'घालूलालेत'वर हसणारे तुम्ही 'तो मला बोलला' कधीपासून लिहायला लागलात? आमच्याकडं माणूस अजून 'म्हणतो'. 'मी तुझी मदत करतो' ही कुठली मराठी? आपण मदत कुणाला करतो, कुणाची नाही. 'खूप सारं प्रेम' वाचलं की मला खूप सारं पाणी प्यावंसं वाटतं. पण ही हिंदी वळणं मुंबईत राहतात, म्हणून ती प्रमाण वाटतात. आमची कन्नड वळणं बेळगावात राहतात, म्हणून अडाणी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या रात्री एका गटात एका बड्या गृहस्थांचा संदेश आला, 'मराठीला अभिजीत दर्जा मिळाल्याबद्दल अभिनंदन'. त्यावर एकही लाल गोल नाही, नुसते फुलांचे गुच्छ. (कन्नड मंडळींतही हे आहेच. ह च्या जागी अ म्हणणाऱ्याची तेही यथेच्छ खेचतात. आमचा शेजारी सांगतो आणि दोघं मिळून उसासे टाकतो.)

दर वर्षी १ नोव्हेंबरला तुमच्या फेसबुकच्या भिंतींवर बेळगाव येतं. 'बेळगाव, कारवार, निपाणी' ही घोषणा येते. कुणी हौशी असेल तर १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाची आठवण काढतो. कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. सगळं खरं. मला त्याचा आनंदच आहे. पण २ नोव्हेंबरला त्याच बेळगावची पोर मराठीत काही विचारते, तेव्हा तिची मराठी तुम्हाला परकी वाटते. गाव हवं, गावाचं बोलणं नको, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा, आमच्याकडं गावंच्या गावं वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात. शेतात काम करून आलेला माणूस माईकसमोर उभा राहतो आणि त्याच्या मराठीत कविता म्हणतो. मांडवात बसलेल्या एकाही प्राध्यापकानं त्याला मध्येच थांबवून 'आनि नाही, आणि' म्हटलेलं मी ऐकलं नाही. मोबाइलवर आलं की त्याच प्राध्यापकाच्या बोटांना काय होतं, कोण जाणे.

चुका महत्त्वाच्या नाहीत असं मी म्हणतच नाही. एका शाळेच्या दारावर 'शिक्षक दीन' असा फलक लागला होता, तो मी भर कार्यक्रमात उतरवून घ्यायला लावला. (गेस्ट टीचरांचा पगार बघता फलक अगदीच खोटा नव्हता.) दिन आणि दीन, सुत आणि सूत, आचार्यांना आणि आचाऱ्यांना, इथं वेलांटी, उकार आणि र चुकला तर अर्थच बदलतो. फलक, पत्रिका, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, सरकारला द्यायचं निवेदन यांत चूक राहू देणाऱ्याला मी माफ करत नाही, कारण तिथं तपासायला वेळ असतो आणि तपासण्याचे कुणीतरी पैसे घेतलेले असतात. पण बसच्या रांगेत उभं राहून अंगठ्यानं लिहिलेला प्रश्न म्हणजे छापील पुस्तक नव्हे. ते बोलणं आहे, फक्त अक्षरांत. बोलणाऱ्याला आधी उत्तर द्यावं. मग वाटलं तर बाजूला घेऊन, वेगळ्या संदेशात सांगावं की बाळ, 'मराठी'ची ठी दीर्घ. सतरा जणांपैकी एकानं एवढं केलं असतं तर तिनं लगेच दुरुस्त केलं असतं. ती शिकायला नाही म्हणणारी पोर नाही.

तिनं काय केलं ते सांगतो. ती गटातून बाहेर पडली. मला म्हणाली, "आज्जा, मी आता मराठीत लिहितच नाही बघ तिथं." आणि खरंच, आता तिचे सगळे संदेश इंग्रजी अक्षरांत असतात. शब्द मराठी, लिपी ती. तिथं ह्रस्व नाही, दीर्घ नाही, न नाही, ण नाही. कुणाला लाल गोल मारता येत नाही. तिच्या मैत्रिणींनीही तेच केलंय, त्यांतल्या दोघी तर सरळ कन्नडात लिहितात. तुम्ही वेलांटी वाचवायला गेलात आणि पोरीनं अख्खी देवनागरीच टाकून दिली. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा घाटा कुठला?

शाळेचं मात्र तिनं सोडलं नाही. आता क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे निवेदन लिहिलंय, देवनागरीत, कागदावर, माझ्याच टेबलावर बसून. मी शिसपेन्सिलीनं तपासलं. नऊ खुणा निघाल्या. आठ तिनं मुकाट घेतल्या, एकीवर अडून बसली. 'मुलं दुसऱ्या शाळेत जाऊलालेत' हे मी 'जात आहेत' केलं होतं. म्हणाली, "जात आहेत म्हणजे कधीपासून जात्यात असं वाटतंय, आज्जा. आमची आता आता जायला लागल्यात, एकेक करून." मी काट मारलेली खोडली आणि 'जाऊ लागली आहेत' असं लिहिलं. तिला पटलं. मलाही.

निवेदनावर पालकांच्या एकेचाळीस सह्या झाल्यात. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, अध्यक्षांची तेवढी राहिलीय. येत्या सोमवारी खानापूरला नेऊन द्यायचं आहे. तिचा मूळ प्रश्न थोडा शिल्लक आहे: प्रत बेळगावच्या शिक्षण उपसंचालकांनाही त्याच दिवशी द्यावी, की आधी तालुक्याच्या उत्तराची वाट पाहावी? तुमच्यात निवृत्त शिक्षक आणि कचेऱ्यांचे अनुभवी बरेच आहेत. कुणाला ठाऊक असेल तर शनिवारपर्यंत कळवा, म्हणजे झेरॉक्स काढून ठेवता येतील.

कळावे,
आपला,
एक निवृत्त प्रूफरीडर
शहापूर, बेळगाव